‘जवळ’ इंग्रजीत लिहिताना: निअर, निअरबाय, क्लोज, नेक्स्ट आणि त्यांच्या मागेपुढे येणारे शब्द

सोलापुरी टॉवेलचे नमुने मागवणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं असो, लॉजची माहिती नेटवर टाकायची असो किंवा बँकेला अर्ज लिहायचा असो, इंग्रजी मजकुरात जवळपणा सांगायची वेळ आली की तेच चार प्रयोग कागदावर उतरतात: ‘निअर फ्रॉम स्टेशन’, ‘निअरबाय टू टेंपल’, ‘निअर अबाउट हंड्रेड’, ‘इन निअर फ्यूचर’. चारही चुकीचे आहेत. बोलताना ते खपतात, कारण समोरचा आपलाच असतो आणि समजून घेतो. लेखी मजकूर वाचणाऱ्याला मात्र ना सोलापूर माहीत असतं ना आपली बोलायची ढब.

या चुका आपल्या ‘जवळ’मधूनच येतात. जवळचा दवाखाना, जवळचा मित्र, जवळजवळ शंभर, जवळपासची गावं, परीक्षा जवळ आली, माझ्याजवळ सुटे नाहीत. मराठीला एवढ्या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाची सोय वेगळी आहे. म्हणून शब्द निवडण्याआधी आपलं ‘जवळ’ कोणत्या जातीचं आहे ते ठरवायचं. मग तो शब्द वाक्यात कुठे बसतोय ते बघायचं, आणि शेवटी त्याच्या मागून टू, फ्रॉम यांपैकी काही येतं की नाही ते. काम याच क्रमाने केलं तर निम्म्या चुका आपोआप गळतात.

पहिली पायरी: कोणतं ‘जवळ’?

आधी एक ‘जवळ’ बाजूला काढून टाकू, कारण त्याचा अंतराशी संबंधच नाही. ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ याचं ‘देअर इज नो मनी निअर मी’ होत नाही. त्याचा अर्थ होईल, माझ्या आसपास कुठेही पैसे पडलेले नाहीत. इथे ‘आय डोन्ट हॅव एनी मनी’ किंवा ‘आय हॅव नो मनी विथ मी’ असं लिहायचं. सोलापुरात ही चूक जरा जास्तच चिवट आहे. इथे मराठीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगूही घरोघरी चालते, आणि तिन्ही भाषा इथे एकाच पद्धतीने बोलतात: कन्नडमध्ये ‘नन्न हत्तिर दुड्डिल्ल’, तेलुगूत ‘ना दग्गर डब्बु लेदु’. हत्तिर आणि दग्गर, दोन्ही म्हणजे जवळच. त्यामुळे अख्ख्या वर्गात कुणालाच हे वाक्य खटकत नाही. ‘द ओरिजिनल बिल इज निअर अस’ असं गिऱ्हाइकाला लिहिलं जातं ते यामुळेच. बरोबर वाक्य: ‘वुई हॅव द ओरिजिनल बिल’.

उरलेली ‘जवळ’ पाच प्रकारची: जागेची, नात्याची, क्रमाची, काळाची आणि आकड्याची. जागेचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे, त्यामुळे तिथेच जास्त वेळ घालवू.

जागा: नामाच्या आधी की नंतर?

‘जवळचं हॉस्पिटल’ याचं थेट ‘अ निअर हॉस्पिटल’ केलं जातं. इंग्रजीत हे बसत नाही. अंतर सांगणारं साधं निअर नामाच्या आधी सहसा येत नाही. तिथे निअरबाय लागतं: ‘अ निअरबाय हॉस्पिटल’. सगळ्यात जवळचं एकच अभिप्रेत असेल तर ‘द निअरेस्ट हॉस्पिटल’. मराठीत आपण दोन्हींना ‘जवळचं’च म्हणतो, पण इंग्रजीत फरक पडतो. ‘ही वॉज टेकन टू अ निअरबाय हॉस्पिटल’ म्हणजे जवळपासच्या एका हॉस्पिटलात नेलं. ‘द निअरेस्ट’ म्हणजे त्याहून जवळ दुसरं नव्हतं. पोलिस जबाबात किंवा विम्याच्या अर्जात हा फरक नडू शकतो. खात्री नसेल तर निअरबाय लिहा.

क्लोजही या जागी बसत नाही. ‘अ क्लोज शॉप’ असं कुणी लिहीत नाही. नामाच्या आधी आलेलं क्लोज बहुतेक वेळा नातं, साम्य, चुरस किंवा बारकाई सांगतं: क्लोज फ्रेंड, क्लोज रिझेम्ब्लन्स, क्लोज काँटेस्ट, क्लोज अटेन्शन.

साधं निअर नामाआधी येतं ते काही ठरलेल्या जोड्यांमध्ये. ‘द निअर साइड’ म्हणजे आपल्याकडची बाजू, ‘द निअर बँक’ म्हणजे नदीचा अलीकडचा काठ. ‘निअर रिलेटिव्ह’ आणि ‘द निअर फ्यूचर’ तसेच वापरतात. ‘निअर मिस’ म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. तो घडला असं समजून बातमी लिहिली तर अर्थ उलटा होतो. या जोड्या पाठच करून टाकाव्यात, त्यांच्यामागे नियम शोधत बसण्यात अर्थ नाही.

नामानंतर, म्हणजे ‘इज’च्या पुढे, गोष्ट सोपी होते. पुढे कशाच्या जवळ ते सांगायचं असेल तर निअर किंवा क्लोज टू. काहीच सांगायचं नसेल तर निअरबाय.

‘द लॉज इज निअर द स्टेशन.’
‘द लॉज इज क्लोज टू द स्टेशन.’
‘द लॉज इज निअरबाय.’

तिसऱ्या वाक्यात निअरबायनंतर पूर्णविराम येतो, आणि तो यायलाच हवा. ‘निअरबाय द स्टेशन’ आणि ‘निअरबाय टू द स्टेशन’ दोन्ही टाळायचे. निअरबाय एकाच शब्दात लिहा. जुन्या छापील पुस्तकांत तो तोडून लिहिलेला दिसतो, आज जोडूनच लिहितात. ‘क्लोज बाय’ मात्र दोन शब्दांत राहतं. निअरबाय नामाच्या आधी आणि मागे दोन्हीकडे चालतं: ‘निअरबाय व्हिलेजेस’ आणि ‘व्हिलेजेस निअरबाय’, अर्थ तोच.

मागून काय येतं: टू, फ्रॉम की काहीच नाही?

‘स्टेशनपासून जवळ’ हे मराठीत इतकं स्वाभाविक आहे की ‘पासून’साठी फ्रॉम हातातून निसटतोच. इंग्रजीत फ्रॉम ‘फार’ला लागतो, जवळ असण्याला लागत नाही. ‘फार फ्रॉम द स्टेशन’ बरोबर, ‘निअर फ्रॉम द स्टेशन’ चूक. फ्रॉम वापरायचाच असेल तर ‘नॉट फार फ्रॉम द स्टेशन’ असं लिहून सुटका करून घेता येते.

निअरनंतर सरळ नाम. क्लोजनंतर मात्र टू हवाच. ‘क्लोज द स्टेशन’ असं लिहिलं तर ‘स्टेशन बंद करा’ असा हुकूम होतो. ‘निअर टू’ला काही शिक्षक सरसकट लाल रेघ मारतात, ते जरा जास्तच. ब्रिटिश इंग्रजीत तो चालतो, आणि निअरर, निअरेस्टनंतर तर टू सहज येतो: ‘द निअरेस्ट स्टेशन टू द फॅक्टरी’. पण साध्या अंतरासाठी नुसतं निअर पुरतं, मग जास्तीचा शब्द कशाला?

अंतर आकड्यात देत असाल तर निअर काढूनच टाका. ‘द फॅक्टरी इज निअर फाइव्ह किलोमीटर्स फ्रॉम स्टेशन’ हे धड जवळही नाही आणि धड पाच किलोमीटरही नाही. ‘द फॅक्टरी इज अबाउट फाइव्ह किलोमीटर्स फ्रॉम द स्टेशन’ लिहा. आकडा आला की फ्रॉम हक्काने येतो. ‘आत’ सांगायचं तर ‘विदिन’, आणि त्याची जोडी ऑफशी: ‘विदिन टू किलोमीटर्स ऑफ द स्टेशन’, ‘विदिन वॉकिंग डिस्टन्स ऑफ द टेंपल’. पायी पाच मिनिटं असेल तर ‘अ फाइव्ह-मिनिट वॉक फ्रॉम द टेंपल’. मधे जोडरेघ, आणि मिनिटला एस नाही.

याच ठिकाणी ‘समोर’चाही घोळ होतो, म्हणून थोडं विषयांतर. सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या फाटकापाशी उभी असलेली रिक्षा ‘इन फ्रंट ऑफ इंद्रभुवन’. रस्ता ओलांडून पलीकडे असलेलं दुकान ‘ऑपोझिट इंद्रभुवन’. मराठीत दोन्ही ‘समोर’, इंग्रजीत मधला रस्ता सगळं ठरवतो. पत्त्यात ‘इन फ्रंट ऑफ’ लिहिलं तर बाहेरून आलेला माणूस चुकीच्या बाजूला दुकान शोधत राहतो. ऑपोझिटनंतरही टूची गरज नाही. तसंच ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी. त्याला एस लागला की ‘बिसाइड्स’ होऊन अर्थ ‘शिवाय’ असा बदलतो.

शेजारचं, लागून असलेलं आणि हद्द

नेबरिंग आणि निअरबाय एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. तसे वापरू नयेत. पुणे हा सोलापूरचा नेबरिंग जिल्हा आहे, कारण हद्दी लागून आहेत. पुणे शहर मात्र सोलापूरला निअरबाय नाही. मधे अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. उलट तुळजापूर दुसऱ्या जिल्ह्यात असूनही सोलापूर शहराला निअरबाय म्हणता येतं. नेबरिंग एकाच जातीच्या दोन गोष्टींना शोभतं: जिल्ह्याला जिल्हा, घराला घर, देशाला देश. धाराशिव, सातारा, सांगली, अहिल्यानगर आणि कर्नाटकातले विजयपुरा, कलबुर्गी हे सगळे नेबरिंग डिस्ट्रिक्ट्स. भारतात ब्रिटिश स्पेलिंग चालतं, म्हणून या शब्दात ओ-यू दोन्ही हवेत. संगणक अमेरिकन इंग्रजीवर असेल तर तो यूखाली लाल रेघ ओढतो, तिकडे दुर्लक्ष करा किंवा भाषेची सेटिंग बदला.

प्लॉटच्या जाहिरातीत आणि खरेदीखतात आणखी काटेकोर राहावं लागतं. अ‍ॅडजेसंट म्हणजे शेजारी, पण हद्द टेकलेलीच असते असं नाही. अ‍ॅडजॉइनिंग आणि कंटिग्युअस म्हणजे हद्दीला हद्द भिडलेली. हायवे आणि प्लॉट यांच्यामध्ये दुसऱ्याची पाच गुंठ्यांची पट्टी असेल तर ‘अ‍ॅडजॉइनिंग द हायवे’ हे सरळ खोटं ठरेल. ‘क्लोज टू द हायवे’ लिहा आणि अंतर मीटरमध्ये द्या. चतुःसीमा लिहिताना तर यातलं एकही विशेषण नको. ‘बाउंडेड ऑन द ईस्ट बाय’ आणि पुढे गट किंवा प्लॉट नंबर, अशी थेट पद्धत असते.

अ‍ॅडजेसंटनंतर टू येतो: ‘अ‍ॅडजेसंट टू द फोर्ट’. अ‍ॅडजॉइनिंगनंतर काही येत नाही: ‘अ‍ॅडजॉइनिंग द फोर्ट’. ‘व्हेरी अ‍ॅडजेसंट’ म्हणत नाहीत. जोर द्यायचा तर ‘इमिजिएटली अ‍ॅडजेसंट’. अ‍ॅडजेसंटमधला डी बोलताना ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना हमखास गळतो. ए, डी, जे हा क्रम लक्षात ठेवा.

साध्या लिखाणात मात्र अ‍ॅडजेसंट मिरवायची गरज नाही. भुईकोट किल्ला सिद्धेश्वर तलावाच्या शेजारी आहे हे पर्यटकाला सांगायचं तर ‘द फोर्ट इज नेक्स्ट टू द लेक’ एवढं पुरे.

नेक्स्ट आणि निअरेस्ट

पुण्याहून निघालेली गाडी मोहोळ सोडून जेमतेम किलोमीटरभर सोलापूरकडे सरकली आहे असं समजा. या क्षणी निअरेस्ट स्टेशन मोहोळच. नेक्स्ट स्टेशन मात्र पुढे येणारं. निअरेस्ट अंतर मोजतं, नेक्स्ट क्रम. ‘प्लीज गेट डाउन अ‍ॅट द नेक्स्ट स्टॉप’ आणि ‘प्लीज वॉक टू द निअरेस्ट स्टॉप’ यांची अदलाबदल झाली तर पाहुणा भलतीकडे पोचेल.

नेक्स्टला टू जोडला की क्रम जातो आणि शेजार येतो: ‘नेक्स्ट टू द बँक’. शेजारचा माणूस ‘नेक्स्ट-डोअर नेबर’, जोडरेघेसह. पण ‘शी लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’ यात जोडरेघ नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘नेक्स्ट ऑफ किन’ दिसलं तर तिथे शेजाऱ्याचं नाव घालू नका. सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव हवं असतं.

नातं

मित्राला क्लोजच, ‘निअर फ्रेंड’ कुणी म्हणत नाही. नातेवाइकाला क्लोज आणि निअर दोन्ही चालतात, रोजच्या लिखाणात क्लोज जास्त सहज. कायद्याच्या कागदावर मात्र कायद्याचाच शब्द ठेवा. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात ‘निअर रिलेटिव्ह’ अशी व्याख्याच दिलेली आहे: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, २०११च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. त्या संदर्भातल्या अर्जात कुणी ‘क्लोज रिलेटिव्ह’ लिहून चुलतभावाचं नाव दिलं तर गोंधळ होणारच. घरातल्या माणसांसाठी ‘इमिजिएट फॅमिली’ हाही रुळलेला शब्द आहे.

साम्यासाठीही क्लोज. शेड जुळवताना ‘धिस इज द क्लोजेस्ट मॅच वुई हॅव’ असं लिहिलं की गिऱ्हाइकाला कळतं, हुबेहूब नाही पण सर्वात मिळताजुळता रंग हाच. दाट विणीला ‘क्लोज वीव्ह’ म्हणतात, आणि तसं विणलेलं कापड ‘क्लोजली वोव्हन’. इथे ‘निअरली वोव्हन’ लिहिलं तर अर्थ होतो, कापड जवळजवळ विणून झालंय, थोडं मागावर राहिलंय.

काळ आणि आकडे

‘इन द निअर फ्यूचर’ यातला ‘द’ गाळू नका. ‘निअरेस्ट फ्यूचर’ असा प्रयोग नाही. परीक्षा जवळ आली हे ‘द एक्झाम इज निअर’ किंवा ‘द एक्झाम इज अप्रोचिंग’.

‘ऑन नेक्स्ट मंडे’मधला ‘ऑन’ काढून टाका, नुसतं ‘नेक्स्ट मंडे’. पण बुधवारी लिहिलेल्या पत्रातला ‘नेक्स्ट फ्रायडे’ हा परवाचा की पुढच्या आठवड्यातला, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांमध्येही एकमत नसतं. माल पाठवायची तारीख असेल तर वार आणि तारीख दोन्ही लिहा, वाद मिटला.

आकड्यासाठी निअरली, ऑलमोस्ट, अबाउट. ‘निअर अबाउट’ लिखाणातून हद्दपारच करावं. निअरली म्हणजे थोडं कमी. अबाउट म्हणजे थोडं कमी किंवा थोडं जास्त. ४९० टॉवेल भरले असतील तर ‘निअरली फाइव्ह हंड्रेड’ बरोबर, ५१० असतील तर चूक. बिलात आणि पॅकिंग लिस्टमध्ये यातलं काहीच नको, नेमका आकडा टाका.

तुलना

निअर, निअरर, निअरेस्ट. क्लोज, क्लोजर, क्लोजेस्ट. यांना मोअर आणि मोस्ट लागत नाहीत. ‘मोअर निअर’ चूक आणि ‘मोअर निअरर’ दुप्पट चूक. निअरबायची तुलना करायची वेळ आली तर शब्द बदला आणि क्लोजर घ्या. दोनच गोष्टी असतील तर क्लोजर, तीन किंवा जास्त असतील तर ‘द क्लोजेस्ट’, ‘द’सह.

क्लोज आणि क्लोज्ड

दुकानावर ‘मंडे क्लोज’ अशी पाटी बाजारपेठेत कुठेही दिसेल. बंद म्हणजे क्लोज्ड, शेवटी डीसह. डी गेला की विशेषण म्हणून त्याचा अर्थ जवळचं असा होतो. बोलताना जवळच्या क्लोजचा शेवट ‘स’सारखा आणि बंद करण्याच्या क्लोजचा शेवट ‘झ’सारखा होतो, पण स्पेलिंग एकच असल्याने कागदावर हा आधार मिळत नाही. पाटी अशी हवी: ‘क्लोज्ड ऑन मंडेज’.

एक मजकूर दुरुस्त करून

जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे लोक येतात, म्हणून एखाद्या लॉजने असा मजकूर टाकला असं धरू:

‘अवर लॉज इज निअर फ्रॉम रेल्वे स्टेशन. सिद्धेश्वर टेंपल इज ऑल्सो निअरबाय टू लॉज. वुई हॅव निअर अबाउट ट्वेंटी रूम्स. मेडिकल शॉप इज इन फ्रंट ऑफ लॉज, अक्रॉस द रोड. इन निअर फ्यूचर वुई विल स्टार्ट हॉल. किचन इज क्लोज आफ्टर टेन.’

आता एकेक वाक्य. पहिलं: ‘अवर लॉज इज निअर द रेल्वे स्टेशन.’ फ्रॉम गेला, ‘द’ आला. दुसऱ्यात ‘निअरबाय टू’ ऐवजी अंतर देऊन टाकणं उत्तम: ‘द सिद्धेश्वर टेंपल इज विदिन टू किलोमीटर्स.’ आकडा अर्थात स्वतः मोजून घालायचा. पुढे ‘ऑफ द लॉज’ लिहिलं नाही तरी चालतं, कारण बोलणं लॉजबद्दलच चाललंय. तिसऱ्यात मालकाला स्वतःच्या खोल्या माहीत असतातच, मग ‘अबाउट’ तरी कशाला? ‘वुई हॅव ट्वेंटी रूम्स.’ चौथ्यात रस्ता मधे आहे, म्हणून ‘देअर इज अ मेडिकल शॉप ऑपोझिट द लॉज’. ‘अक्रॉस द रोड’ची गरजच राहत नाही. पाचव्यात ‘इन द निअर फ्यूचर’ लिहिता येईल, पण हॉल कधी सुरू होणार हा महिना माहीत असेल तर तोच लिहा, नसेल तर वाक्य काढून टाका. यात्रेकरूला त्याचा उपयोग नाही. सहावं: ‘द किचन इज क्लोज्ड आफ्टर टेन पीएम.’

मजकूर पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून ‘निअर’ शोधा. प्रत्येक ठिकाणी त्याच्या लगेच पुढचा शब्द तपासा: फ्रॉम किंवा अबाउट दिसला तर वाक्य बदला, टू दिसला तर तो काढून वाक्य चालतंय का पाहा, बाय जोडलेला असेल तर पुढे ‘टू’ किंवा ‘द स्टेशन’सारखं नाम लटकत नाही ना ते बघा (‘अ निअरबाय हॉस्पिटल’ मात्र चालतं). त्यानंतर ‘क्लोज’ शोधा. पुढे टू हवा होता की शेवटी डी, एवढंच ठरवायचं राहतं.